चौथ्या पानाची बाई

धाराशिवच्या बसस्टँडमागच्या बोळात 'दैनिक तेरणाकाठ'चं ऑफिस होतं, आणि त्या ऑफिसात जिन्याखालच्या टेबलाशी अयोध्या बसायची. बावीस वर्षं बसली. पेपर चार पानांचा. पहिल्या पानावर पुढारी, दुसऱ्यावर बाजारभाव, तिसऱ्यावर शाळाशाळांतले सत्कार आणि चौथ्यावर मेलेली माणसं. चौथं पान अयोध्याचं.

कुणी म्हणेल, मेलेल्या माणसांचं पान ते काय! पण या जिल्ह्यात पेपर वाचणारा माणूस ज्यानं बघितलाय त्याला ठाऊक आहे, हॉटेलच्या बाकड्यावरचा म्हातारा पेपर हातात आला की आधी उलटा करतो. कोण गेलं, कुठल्या गावचं, माती किती वाजता. जायचं का नाही, एसटी कुठली धरायची, हे ठरलं की मग पुढाऱ्यांची पाळी.

मजकूर यायचा चिठ्ठ्यांवर. वहीचं फाडलेलं पान, औषधाच्या खोक्याचं पुठ्ठं, एकदा तर बिडीच्या बंडलाचा कागद. रडून आलेल्या माणसाला ऱ्हस्वदीर्घ कुठलं सुचायला? कुणी 'नीधन' लिहायचं, कुणी 'दुखःद'. लिंगायत घरची चिठ्ठी असली की तिच्यात निधन नसायचंच. त्यांच्यात माणूस मरत नाही, लिंगाशी एक होतो, म्हणून 'लिंगैक्य'. पण हा शब्द धड लिहिणारं घर अयोध्याला वर्षातून एखादंच भेटायचं. लिंगएक्य, लिंगैक, लींगक्य, लिंगयैक्य. जो तो आपल्या जिभेप्रमाणं. अयोध्या चिठ्ठीवर एक नजर टाकायची आणि तिची बोटं आपसूक 'लिंगैक्य' उठवायची.

कळंबला टायपिंगचा क्लास करून ती पहिल्यांदा या टेबलाशी बसली, तेव्हा पेपरचे मालक आण्णासाहेब तिला म्हणाले होते, "लग्नाच्या जाहिरातीत चुकलीस तर लोक हसतील. मयतात चुकलीस तर ते घर जिंदगीभर आपला पेपर हातात धरणार न्हाय." ती चुकली नाही. नवरा कामाला म्हणून पुण्याला गेला आणि तिकडंच राहिला, आई अंथरुणाला खिळली आणि गेली, आण्णासाहेब गेले. तिघांपैकी दोघांचा मजकूर तिनंच लावला. एक वेलांटी इकडची तिकडं झाली नाही.

आण्णासाहेबांमागं पेपर नातवाकडं आला. रणधीर वाईट नव्हता. पण छापील अंक हजाराच्या खाली आला तसा तो ऑफिसात कमी आणि फोनवर जास्त दिसू लागला. माघ सरता सरता एक दिवस तो अयोध्याच्या टेबलाशी स्टूल ओढून बसला.

"अयोध्याताई, पाडव्यापासून छपाई बंद करतोय."

ती की-बोर्डवरची धूळ फुंकत बसली.

"पुण्याच्या कंपनीनं वेबसाइट करून दिलीय. आता तुमी एक काम करायचं. गावोगाव जायचं, लोकांच्या हातात द्यायची, वापरून घ्यायची. काय जमतंय, काय न्हाय, लिहून द्यायचं. वाचक तुमच्याइतका कुणाला मालूम हाय?"

"आन चौथं पान?"

"हाय की त्यात. 'निधन वार्ता' म्हणून सदर हाय. उलट आता उद्याच्या अंकाची वाट बघायला नको. दहा मिनिटांत सगळ्या जिल्ह्याला खबर."

कंपनीनं पाहणीसाठी छापील तक्ता पाठवला होता. 'वेबसाइट आपणांस कशी वाटली?' पुढं तीन चौकटी: छान, खूप छान, अप्रतिम. अयोध्यानं तो वाचला, उलटा केला, आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या हातानं एकच प्रश्न लिहिला. आज कोण गेलं ते शोधून दाखवा.

पहिल्यांदा ती बेंबळीला गेली, कारण बेंबळीच्या स्टँडवर धोंडप्पा होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा, अंगानं काटकुळा माणूस, कपाळावर विभूतीचे पट्टे. स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांचा रोज पेपर यायचा. चौथ्या पानाचा असा वाचक तिनं दुसरा बघितला नव्हता. एका दिवशी मजकुरात मातीची वेळ राहिली तर ऑफिसात फोन करून, "बाई, माणूस गेला ते कळलं, पुरायचा कधी?" असं विचारणारे हेच.

"आप्पा, पेपर आता ह्याच्यात येणार," तिनं सुनेकडून आणलेला त्यांचा फोन त्यांच्याच हातात दिला. "बघा बरं जमतंय का."

वेबसाइट उघडली आणि पहिल्या झटक्याला सगळा पडदा भरून आण्णासाहेबांचा फोटो आला. पांढरी टोपी, जोडलेले हात. खाली लिहिलेलं, 'आपणांस ताज्या सूचना पाठवू का?' आणि दोन बटणं. होय. नको.

धोंडप्पांनी चपला काढल्या आणि 'होय' दाबलं.

"आप्पा, नको दाबलं तरी चालतंय."

"आवं, एवढा मोठा माणूस हात जोडून इचारूलालाय, आन त्याला नको म्हनू?"

दुपार होईस्तोवर त्यांच्या फोननं छत्तीस वेळा टिंग केलं. त्यांतल्या निम्म्या रमी खेळा, वजन घटवा. एका जाहिरातीनं बातमीच झाकली. ती बंद करायची फुली बाजरीच्या दाण्याएवढी. धोंडप्पांचं बोट तिच्यावर पडायचं तिथं न पडता जाहिरातीवर पडायचं आणि कुठलीतरी नटवी बाई नाचत यायची. हॉटेलवाल्यानं आतून आवाज दिला, "आप्पा, ह्या वयात!"

"गप की रं. फुलीचा किडा सापडंना झालाय," म्हातारा वैतागला.

अयोध्या हसली नाही. ती लिहीत होती. फुली लहान. फोटोमुळं लोकांना नकार देता येत नाही. अक्षर बारीक. सदरं कुठं आहेत ते दिसत नाही. सदरं वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांत लपलेली होती, आणि त्या रेघा म्हणजे बटण आहे हे बेंबळीत एकालाही उमगलं नाही. धोंडप्पा मात्र त्या रेघांकडं टक लावून बघत होते.

"ही इभूत कुनी लावली?"

"इभूत?"

"हे की. तीन पट्टे. पेपरवाले लिंगायत झाले का काय?"

आता अयोध्याला हसू आलं. "आप्पा, तसंच समजा. त्या इभूतीला हात लावा."

त्यांनी बोट लावलं आणि सदरांची यादी सरकत खाली आली. राजकारण, शेती, क्रीडा, मनोरंजन, अध्यात्म, आरोग्य, आणि पार तळाला निधन वार्ता. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. इभूत, मग तळाला निधन. दहा वेळा करून घेतलं, दहाही वेळा जमलं. आणि तिथंच अयोध्याला खोट सापडली. त्या दिवशीचे पाच मजकूर तिनं स्वतः चढवले होते. निधन वार्तेत तीनच होते.

उरलेले दोन हुडकायला तिला अर्धा तास लागला. ते अध्यात्मात पडले होते, राशिभविष्याच्या खाली. दोन्हींत 'लिंगैक्य' होतं. वेबसाइट शब्द बघून बातम्या वाटून टाकायची. तिला निधन कळत होतं, देहावसान कळत होतं. लिंगैक्य म्हणजे तिला काहीतरी देवाधर्माचं वाटलं.

धोंडप्पांना तिनं हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कप बाकड्यावर ठेवला.

"मग माझी अक्का कशी कळंल मला?"

गोष्ट बेंबळीत सगळ्यांना ठाऊक होती, अयोध्यानं त्या दिवशी ऐकली. त्यांची थोरली बहीण रुद्रम्मा मुरूमकडं दिलेली. तिची मुलगी आपल्या पोराला करायची असा धोंडप्पांनी पाळण्यातच शब्द दिला होता. पोरानं ऐकलं नाही, भुवनेश्वरी नावाची लातूरची मुलगी करून आणली. त्या लग्नाला रुद्रम्मा आली नाही. धोंडप्पा तिच्या दारात गेले तेव्हा तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "आता येशील तर साडी घेऊनच ये."

साडी म्हणजे माहेरची साडी. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं वस्त्र भावाचं पडतं. ते पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत, आणि भाऊ आलाच नाही तर सासरचीच घालून नेतात, पण चार बाया बोलल्याशिवाय राहत नाहीत.

"अठरा वर्सं झाली," धोंडप्पा म्हणाले. "दोनदा गेलो, दार लावून घेतलं. साडी घेऊन ठेवलीय, हिरवी इरकल. भाचा फोन करनार न्हाय. पर पेपरात देतील. आमच्यात देतातच. सकाळी वाचलं की दोन गाड्या बदलून चार तासांत मुरूम. म्हनून रोज बघतो, बाई. दुसरं काय हाय त्या पेपरात?"

अयोध्या त्या दिवशी एसटीनं परत आली ती निराळीच होऊन. बेंबळी झाली, कळंब झालं, तुळजापूरच्या लॉजवाल्यांपर्यंत जाऊन आली. तिनं पाहणीचा अहवाल लिहिला तो अकरा पानी. एक्केचाळीस मुद्दे. धाराशिव लिहून शोधलं तर उस्मानाबादच्या नावानं पडलेल्या जुन्या बातम्या सापडत नाहीत, इथपासून. आणि पहिला मुद्दा, लाल शाईनं: लिंगैक्य.

रणधीरनं अहवाल कंपनीला धाडला. आठ दिवसांनी तिकडून हर्षाली नावाच्या मुलीचा फोन आला. बोलणं गोड.

"मॅडम, फारच डिटेल काम आहे हो तुमचं. पण बघा, जाहिराती आमच्या हातात नाहीत. फोटो रणधीर सरांनीच सांगितलाय. बाकीचं पुढच्या टप्प्यात घेऊ."

"पुढचा टप्पा कधी?"

"ते सर ठरवतील."

"बाकीचं राहू द्या, ताई. एवढं लिंगैक्याचं करा. तेवढं झाल्याबगर मी सही करणार नाही." कंपनीचा कागद होता, 'चाचणी पूर्ण, वाचकांस अडचण नाही' असा. त्यावर पाहणी करणाऱ्याची सही लागत होती.

"त्या लोकांना निधनच लिहा म्हणून सांगता नाही का येणार?"

हेही अयोध्यानं धोंडप्पांना फोनवर विचारून बघितलं. म्हातारा म्हणाला, "निधन जगाचं हुतं, बाई. आमच्या मानसाला शेवटाला एवढा एकच शब्द मिळतो. तो बी काढून घेता का?"

हर्षालीनं तेवढं केलं. दोन दिवसांत फोन आला, "झालं मॅडम, तपासून बघा." अयोध्यानं खोटा मजकूर टाकून बघितला. लिंगैक्य. निधन वार्तेत गेला. पुन्हा टाकला. गेला. पाच वेळा टाकला, पाचही वेळा बरोबर जागी. तिनं स्वतः बेंबळीला जाऊन धोंडप्पांना सांगितलं, "आप्पा, आता बिनघोर. इभूत, मग निधन. उद्याची वाट बघायची गरज न्हाय, तुम्हाला घटकाभरात कळंल." आणि परत येऊन सही केली.

पाडव्याला छपाई बंद झाली. दोन महिने चिठ्ठ्या येत राहिल्या, अयोध्या चढवत राहिली. मग वेबसाइटवर फॉर्म आला. 'निधन वार्ता स्वतः भरा.' ज्याचं त्यानं घरी बसून भरायचं, लगेच प्रसिद्ध. जिन्याखालच्या टेबलाशी येणारी वाट बंद झाली. रणधीरनं तिला नारळ दिला, शाल दिली, आणि डोळ्याला डोळा न देता म्हणाला, "ताई, काही लागलं तर सांगा."

आता ती स्टँडसमोरच्या फ्लेक्सच्या दुकानात बसते. दादांचा वाढदिवस, भाऊंची निवड. तिथं ती 'हार्दीक'चं 'हार्दिक' करते, तर गिऱ्हाईक म्हणतं, मॅडम, ते दादांच्या बॅनरवर होतं तसंच ठेवा.

आषाढातल्या एका दुपारी धोंडप्पा त्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. हातात कापडी पिशवी. अयोध्यानं पाणी दिलं. त्यांनी घेतलं नाही.

"अक्का गेली, बाई."

"कधी?"

"आज सहा दिवस झाले. मातीचा इधी करनारा जंगम आला हुता गावात, त्यानं सांगितलं. मला म्हनला, तुमी दिसला न्हाई मातीला." त्यांनी फोन पुढं केला. "तू शिकवलीस तसंच बघत हुतो. रोज. इभूत, मग निधन. त्या दिवशी बी बघितलं. आठ वाजता बघितलं. हॉटेलात म्हनलो बी, आज कुनी न्हाय गेलं, बरं झालं."

अयोध्यानं फोन घेतला. तिला कुठं बघायचं ते कळलं होतं, तरी ती आधी निधनात गेली. नाही. मग अध्यात्मात. सहा दिवसांमागं, राशिभविष्याच्या खाली, रत्नांच्या अंगठीच्या जाहिरातीला चिकटून:

'श्रीमती रुद्रम्मा शिवलिंगप्पा वय ८१ यांना आज पहाटे लिंगयैक्य झाले. अंत्यवीधी दुपारी ४ वा. शेतात.'

प्रसिद्ध, सकाळी सात चाळीस. म्हणजे वेळ होता. दोन गाड्या बदलूनही तीन-चार तास हातात राहिले असते.

ती त्या शब्दाकडं बघत राहिली. लिंगयैक्य. हा शब्द तिनं शंभर चिठ्ठ्यांवर बघितला होता. हा, आणि लिंगएक्य, आणि लींगक्य. सगळे तिच्या ओळखीचे. वेबसाइट तपासताना पाच वेळा लिहून बघितलं तेव्हा यातला एकही तिच्या बोटांतून उतरला नाही. पाचही वेळा शुद्ध लिहिलं, आणि वेबसाइट तेवढाच एक शुद्ध शब्द ओळखायला शिकली. बावीस वर्षांत त्या बोटांना चुकायची सवयच राहिली नव्हती, आणि लोक तर तसंच लिहिणार होते, रडत रडत, जिभेला येईल तसं. बारा गावची माणसं तपासून आली, पण चिठ्ठी देणारं माणूस तपासायचं तिला सुचलंच नाही. चिठ्ठी आणि वेबसाइटच्या मधे आपण असणारच, असं कुठंतरी धरून चालली.

"आप्पा, चूक माझी हाय."

"तुजी कशी? तू तर लिवलं न्हाईस ते."

"तेच तर."

ते त्यांना कळलं नाही. तिनं समजावलंही नाही. दुकानात मशीन फ्लेक्सचा मोठा कपडा ओकत होतं, कुणाचं तरी हसरं तोंड इंचाइंचानं बाहेर येत होतं.

"मुरूमला जाऊन येता का?" तिनं विचारलं.

"काय करू जाऊन? घातली त्यांनी सासरची." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "ही आता कुनाला द्यावी? मयताची म्हनून आनलेली, जित्या बाईला देता येत न्हाय. मातीवर टाकू? ती म्हनली हुती साडी घेऊन ये. म्या काय त्यातला शब्द मोडला न्हाय, व्हय का न्हाय? घेऊन ठेवलीच हुती की."

"व्हय, आप्पा."

म्हाताऱ्यानं तिच्या हातातल्या फोनकडं बोट केलं. म्हणाला, "एक कर. तो शब्द तरी नीट कर तिचा. तुझ्या हातानं."

मजकुराखाली बारीक अक्षरात 'दुरुस्ती सुचवा' असं होतं. ते तिच्याच अहवालातलं, तेविसाव्या नंबरचं कलम. मागं न लागता झालेलं एवढं एकच. तिनं दाबलं, चौकटीत लिहिलं: लिंगैक्य. अंत्यविधी. पाठवलं. हिरवी अक्षरं आली, 'आपली सूचना मिळाली. धन्यवाद.'

कुठं मिळाली ते तिला ठाऊक होतं. दुरुस्तीच्या सूचना ज्या मेलवर जातात तो मेल तिच्या नावानं उघडलेला होता. जायच्या दिवशी रणधीरनं पासवर्ड लिहून घेतला तो चिठोरा त्याच्या समोरच टेबलाच्या फटीत पडला, आणि दोघांपैकी कुणीही तो काढला नाही. तेव्हापासून तो मेल कुणी उघडलेलाच नव्हता.

"झालं?" धोंडप्पांनी विचारलं.

"पाठवलंय."

बेंबळीची गाडी लागल्याचा पुकारा झाला. ते उठले. पिशवी काखेत, फोन हातात. दोन पावलं गेल्यावर थांबले, नीट झालेला शब्द एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून असेल, पुन्हा वेबसाइट उघडली. पडदा भरून आण्णासाहेब आले. पांढरी टोपी, जोडलेले हात. आपणांस ताज्या सूचना पाठवू का?

धोंडप्पांनी फोन कपाळाला लावला, 'होय' दाबलं, आणि गाडीकडं चालू लागले.